जुन्या जखमा आणि स्त्रियांची बैठक

तालुक्याच्या गावी सरकारी कचेऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर एखादी मोकळी जागा, आणि तेथे जमिनीवर गोल करून बसलेल्या काही स्त्रिया. बडोदे जिल्ह्यात १९९५ सालापासून ठरलेल्या दिवशी अशी बैठक भरू लागली. बसणाऱ्या स्त्रिया बहुतेक गरीब घरच्या, कष्टकरी. कित्येकींना अक्षरओळख झाली ती प्रौढपणी. त्यांना कोणी न्यायासनावर नेमले नव्हते आणि कायद्याची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तरीही या बैठकीला ‘नारी अदालत’ असे नाव पडले, आणि मारहाण, टाकून देणे, पोटगी, माहेरून आणलेल्या वस्तू, मुलांचा ताबा अशा नाना तक्रारी घेऊन बायका तेथे येऊ लागल्या.

या अदालतीचा उगम न्यायखात्यात नाही, शिक्षणखात्यात आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून ‘महिला समाख्या’ नावाचा एक कार्यक्रम निघाला आणि १९८९ च्या सुमारास गुजरात, कर्नाटक व उत्तर प्रदेश या तीन राज्यांत त्याची सुरुवात झाली. बडोदे जिल्हा त्यात पहिल्यापासून होता. खेड्यांतील स्त्रियांनी संघ करून एकत्र बसावे, आपल्या गरजा आपणच ओळखाव्यात, आणि त्यांतून शिक्षणाची गोडी लागावी, असा त्यामागील हेतू. परंतु बायका एकत्र बसल्या तेव्हा पाटी-पेन्सिलीच्या आधी घरातला मार बोलू लागला. ज्यांना अक्षरे शिकवायची त्यांच्या अंगावरचे वळ आधी वाचावे लागले. मग शिक्षणाचा कार्यक्रम न्यायाकडे वळला, तो कोणाच्या योजनेने नव्हे, गरजेने.

या बैठकीत येणारी स्त्री आपली हकीकत कशी सांगते, हे पाहण्यासारखे असते. ती आरंभापासून सांगत नाही. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट कालच्यासारखी सांगते आणि कालची विसरते. मध्येच गप्प होते, मध्येच हसते, एखाद्या क्षुल्लक शब्दाने थरथरू लागते. न्यायालयात असे बोलणे साक्षीदाराचा दोष ठरते. वकील तेवढ्यावरच बोट ठेवतो. गोल करून बसलेल्या स्त्रियांना मात्र घाई नसते. त्यांच्यातील कित्येकींना हे तुटक बोलणे ओळखीचे असते, कारण कधीकाळी त्या स्वतः तसेच बोललेल्या असतात.

हे तुटक बोलणे म्हणजे काय, याचे उत्तर वैद्यकशास्त्राने बरेच उशिरा दिले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ‘आघातोत्तर तणावविकार’ हा रोग दाखल झाला तो १९८० मध्ये, आणि त्यामागे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. रणांगण, अपघात, भूकंप असा एखादा भयंकर प्रसंग. तो सरून गेला तरी मनात पुन्हा पुन्हा घडत राहतो. माणूस त्याच्या आठवणीला टाळतो आणि सदैव दचकलेला राहतो, असे त्याचे वर्णन होते. परंतु ज्या स्त्रीवर वर्षानुवर्षे घरातच अत्याचार झाला, जिला पळून जाण्यास वाट नव्हती, आणि मारणारा हात परक्याचा नसून ज्याच्यावर भरवसा ठेवावा त्याचाच होता, तिची व्यथा या चौकटीत मावेना. बॉस्टनच्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ हा ग्रंथ लिहून या निराळ्या व्यथेला निराळे नाव द्यावे असा आग्रह धरला. तो फळास यायला आणखी तीस वर्षे लागली. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी सूची २०१९ मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात ‘जटिल आघातोत्तर तणावविकार’ स्वतंत्र नोंदीने आला. अमेरिकन सूचीत त्याला अद्याप स्वतंत्र जागा नाही. तो वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांनी मिटवावा.

जटिल विकारात आधीची तीन लक्षणे असतातच. त्यांखेरीज आणखी तीन गोष्टी आढळतात. भावनांवर ताबा राहत नाही. एक तर त्या उसळतात, नाही तर अगदी गोठून जातात. आपण हीन आहोत, मलिन आहोत, आपल्याच दोषाने हे घडले, ही समजूत खोल रुतून बसते. आणि माणसांशी जवळीक जोडणे व टिकवणे अवघड होते. यांतील दुसरे लक्षण सर्वांत क्रूर म्हणावे लागेल. माणूस पापनिवेदनाला गुडघे टेकतो तो स्वतःच्या अपराधासाठी. येथे अपराध दुसऱ्याचा, आणि निवेदनाचा सूर मात्र सोसणारीचा. ‘माझंच चुकलं असेल’ हे वाक्य सर्व जातींच्या, सर्व धर्मांच्या आणि सर्व थरांतल्या स्त्रियांच्या तोंडी सारखेच सापडते. त्यात आपल्या समाजाची शिकवण अशी, की झाकली मूठ सव्वा लाखाची! २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी शेकडा १४ जणींनीच कोठे ना कोठे मदत मागितल्याचे दिसले. बहुसंख्य स्त्रियांनी ती गोष्ट कोणापाशी उच्चारलीही नव्हती.

आता कोणी विचारील, पूर्वीच्या बायका का सोसत नव्हत्या? सोसत होत्या, आणि बोलतही होत्या. महाराष्ट्रात पहाटे जात्याला दोघी समोरासमोर बसत, आणि पिठाबरोबर सासुरवासही ओवीतून बाहेर पडे. ग्वी पॉयटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहात स्त्रियांचे जे मन उघडे पडले आहे ते एखाद्या दवाखान्याच्या कागदपत्रांत सापडणार नाही. हात कामात गुंतलेले, तोंड अर्धवट अंधारात, समोर आपल्यासारखीच एक, आणि पुरुषांच्या कानावर पडले तरी ‘गाणे’ म्हणून सोडून देण्याची सोय; दुःख बोलण्याला याहून सुरक्षित जागा त्या काळी कोणती असणार? मात्र जात्याचा अवास्तव गौरवही करू नये. ओवीने दुःखाला वाट दिली, दुःखाचे कारण हटवले नाही. दळण संपले की ती स्त्री त्याच घरात त्याच माणसापुढे उभी राहत असे.

कारण हटवण्याचा प्रयत्न बडोदे संस्थानाने केला, आणि काही बाबतींत तो इंग्रजी मुलखाच्या पुष्कळ आधी. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९०१ मध्ये विधवाविवाहाचा आणि १९०४ मध्ये बालविवाह-प्रतिबंधाचा कायदा झाला. १९३१ मध्ये तर हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा संस्थानात आला, आणि पतीचे क्रौर्य, त्याने टाकून देणे, त्याचे व्यसन ही त्यात कारणे म्हणून मान्य झाली. मुंबई प्रांतात असा कायदा १९४७ मध्ये झाला, आणि सबंध देशाला १९५५ पर्यंत थांबावे लागले. महाराणी चिमणाबाई यांनी १९११ मध्ये स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले, आणि त्यांच्याच नावाने बडोद्यात स्त्री उद्योगालय चालले. गरजू स्त्रियांनी तेथे एकत्र बसून काम करावे आणि चार पैसे मिळवावेत, एवढाच त्याचा उद्देश. तरी चारचौघी शेजारी बसून हात चालवीत असताना काय काय बोलल्या असतील, याची कल्पना जात्याची आठवण असलेल्या वाचकाला सहज येईल.

१९३१ च्या कायद्याने घराचे दार उघडले हे निश्चित. परंतु उघड्या दारातून बाहेर पाऊल टाकण्याचे बळ कायद्याच्या पुस्तकात नसते. ज्या स्त्रीची अशी खात्री पटलेली आहे की आपण याच लायकीच्या, तिला क्रौर्याचे कलम वाचून दाखवले तरी ते दुसऱ्या कोणासाठी लिहिले आहे असेच तिला वाटणार. कायदा आणि मन यांच्यातील हे अंतर भरून काढणारे माणूस लागते. बडोद्यात त्या दिशेने पहिले पाऊल १९४९ मध्ये पडले, असे म्हणता येईल. त्या वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ हे शब्द बदलून ‘सर्व माणसे’ असे घालायला लावणाऱ्या त्या याच. विद्यापीठाच्या आरंभीच समाजकार्याची शाखा सुरू झाली. व्यक्तीशी काम करावे तसेच गटाशीही शास्त्रशुद्ध रीतीने काम करता येते, आणि गट हा स्वतःच एक उपाय आहे, हा विचार तेथील विद्यार्थ्यांना शिकवला जाऊ लागला.

हा विचार मूळचा रुग्णालयातला. बॉस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवून पथ्यपाणी समजावून देण्यास आरंभ केला. वेळ वाचावा हा त्यांचा साधा हेतू. पण रुग्ण परस्परांना धीर देतात आणि त्यानेही प्रकृतीला उतार पडतो, हे त्यांच्या ध्यानी आले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील नॉर्थफील्डच्या लष्करी रुग्णालयात बायन, फूल्क्स आदी डॉक्टरांनी मनाने खचलेल्या सैनिकांवर हाच प्रयोग अधिक खोलवर केला. आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या कुटुंबीयांना आवारातच तंबूंत राहावयास आणले. घरचे लोक उपचाराचे शत्रू नसून भागीदार होऊ शकतात, हे त्यांनी दाखवले. पण ज्या स्त्रीला घरच्यांनीच मोडले, तिच्यासाठी तंबूत कोणाला आणावे? तिचे कुटुंब नव्यानेच बसवावे लागते, आणि ते तिच्यासारख्यांतूनच.

हे ओळखले ते १९७० च्या आसपास, आणि तेही डॉक्टरांच्या आधी पीडितांनी. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेले सैनिक आपसांत गट करून बोलू लागले. त्याच वेळी स्त्रियाही घराघरांतून जमून, दार लावून, आजवर न उच्चारलेले उच्चारू लागल्या. एकीने सांगितले की दुसरी म्हणे, ‘माझेही असेच.’ खाजगी लाज म्हणून जे दडवले होते ते सार्वजनिक दुःख निघाले. अशा बैठकींचा अनुभव जमेस धरून हर्मन व त्यांच्या सहकारी एमिली शॅट्झो यांनी बालपणी घरात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी ठराविक आठवड्यांचे गट चालवले, आणि १९८४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अशा गटात प्रत्यक्ष काय चालते, याविषयी सामान्यतः गैरसमज फार. लोकांना वाटते, बायका जमतात, रडतात, आणि मन हलके होऊन घरी जातात. वस्तुस्थिती निराळी आहे. सहापासून दहापर्यंत स्त्रिया, बहुधा दोन जाणत्या मार्गदर्शक, आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास. आरंभी जमल्या तेवढ्याच शेवटपर्यंत, मध्ये नवी कोणी नाही. येथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा पहिला नियम. आणि पहिल्या टप्प्यात अत्याचाराची हकीकत सांगायचीच नाही, हा दुसरा, ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटणारा नियम. आधी सुरक्षितता. आज रात्री झोपायला निर्भय जागा आहे का? जेवण, औषध, पैसा, मुले यांचे काय? छाती धडधडू लागली तर पायांखालची जमीन कशी चाचपावी, श्वास कसा सावकाश करावा, आपण आज, या खोलीत, या माणसांत आहोत हे स्वतःला कसे सांगावे? हे सारे गिरवून घ्यावे लागते. ज्या स्त्रीला असे वाटत आले की आपण वेड्या झालो आहोत, तिला येथे प्रथमच कळते की हे शरीराने जिवंत राहण्यासाठी शिकून घेतलेले धडे आहेत. फक्त संकट टळल्यावर ते विसरता आलेले नाहीत.

दुसऱ्या टप्प्यात स्मरण आणि शोक. जी तयार असेल ती बोलते. जेवढे झेपेल तेवढेच. एकांतात आठवलेली गोष्ट आणि पाच जणींनी डोळ्यांत पाहून ऐकलेली गोष्ट यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. दुसरीची हकीकत ऐकताना जी स्त्री संतापून म्हणते, ‘यात तुझा काय दोष?’ ती क्षणभराने थबकते, कारण स्वतःला तिने हे कधी म्हटलेले नसते. डॉक्टरने हेच वाक्य शंभर वेळा उच्चारले तरी ते सहानुभूतीचे बोल ठरतात. पण तेच वाक्य स्वतःच्या तोंडून दुसरीसाठी निघाले की पुरावा होते. गटाची सारी करामत बहुधा या एका ठिकाणी आहे. तिसरा टप्पा जगाशी पुन्हा नाते जोडण्याचा: काम, मैत्री, मुलांशी बोलणे, बाजारात मान वर करून चालणे. हे टप्पे कागदावर सरळ दिसतात. माणसे मात्र पुढे जातात आणि मागे येतात.

या तिन्ही टप्प्यांशी बडोद्याच्या नारी अदालतीची तुलना केली तर साम्य आणि भेद दोन्ही उठून दिसतात. ती उपचाराची जागा नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. तेथे तडजोडी होत, मुद्रांकाच्या कागदावर करारनामे होत, आणि पुष्कळदा पत्नी अटी घालून त्याच घरी परत जाई. मोकळ्या जागी, दोन्ही पक्षांच्या देखत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर आपले दुःख मांडणे हे दार लावलेल्या गटाच्या अगदी उलट. ज्या स्त्रीच्या मनाची जखम खोल आहे तिला असे चव्हाट्यावर बोलणे पुन्हा घायाळ करू शकते, आणि हा धोका उत्साही कार्यकर्त्यांच्या नजरेतून सुटण्याजोगा आहे. परंतु पहिला टप्पा, सुरक्षिततेचा, या बायकांनी जसा ओळखला तसा मोठमोठ्या रुग्णालयांनीही क्वचित ओळखला असेल. करार झाला म्हणजे त्या मोकळ्या होत नसत; गावात जाऊन, घराच्या ओट्यावर बसून, पुन्हा हात उगारला गेला का याची चौकशी करीत. एकट्या पडलेल्या स्त्रीच्या मागे दहा जणी उभ्या आहेत हे मारणाऱ्याला दिसणे, हेच तिचे पहिले औषध.

२००२ मध्ये बडोदे शहरात हे सारे कसोटीला लागले. १ मार्च रोजी हनुमान टेकडीवरील बेस्ट बेकरीत १४ माणसे मारली गेली, आणि शहराच्या अनेक भागांत कुटुंबांची वाताहत झाली. त्या काळात नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या पी. यू. सी. एल. आणि शांती अभियान या गटांनी स्त्रियांच्या मुखातून त्यांचे अनुभव ऐकून एक स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. ते काम साक्ष नोंदवण्याचे होते, उपचाराचे नव्हे. तरी एक गोष्ट त्यातून लक्षात येते, की दंगलीचा आघात घरातील आघातापासून वेगळा काढता येत नाही. जिचे घर जळाले तिच्या मागे जुने मारही असतात. आणि छावणीत दाटीने राहताना ते दोन्ही एकत्र डोके वर काढतात. अशा वेळी ‘झाले गेले विसरा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, ‘आज रात्री कोठे झोपणार?’ असे विचारणारे थोडे.

रुग्णालयांनीही या बाबतीत काही शिकले आहे. बडोद्याचे मनोरुग्णालय संस्थानी काळापासूनचे. एके काळी मोडलेल्या स्त्रीला समाजाकडून मिळणारा आसरा म्हणजे अशा इमारतीची भिंत. पुढे विचार पालटला. मुंबईस वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि सेहत ही संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र उघडले, आणि हाडाच्या किंवा भाजल्याच्या उपचारासाठी आलेल्या बाईला ‘हे कसे झाले?’ असे विचारण्याचे शिक्षण डॉक्टर-परिचारिकांना मिळू लागले. कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा २००६ मध्ये अमलात आला आणि मानसिक आरोग्य सेवेचा कायदा २०१८ मध्ये. गुजरातेत २०१५ पासून स्त्रियांसाठी १८१ क्रमांकाची मदतवाहिनी राज्यभर सुरू झाली. हे सर्व पहिल्या टप्प्याचे साहित्य. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याला लागणाऱ्या जाणत्या मार्गदर्शक मात्र आपल्याकडे विरळ, आणि ज्या आहेत त्यांनाही ऐकून ऐकून थकवा येतो, याची तरतूद कोणत्या खात्यात करायची हे अद्याप ठरलेले नाही. बडोद्यासारख्या शहरात तर गटाने कोणत्या भाषेत बोलावे हाही प्रश्न: गुजराती, मराठी, हिंदी, आणि पूर्वेकडील आदिवासी स्त्रियांची राठवी. माणूस हिशोब कोणत्याही भाषेत करील, पण भय बहुधा आईच्याच भाषेत सांगतो.

केंद्र सरकारने पुढे महिला समाख्या कार्यक्रम आवरता घेतला. नारी अदालतीची कल्पना मात्र टिकली. २०२२ मधील ‘मिशन शक्ती’ योजनेत तिला स्थान मिळाले आणि आसाम व जम्मू-काश्मीर येथे प्रायोगिक स्वरूपात ती सुरू करण्यात आली. त्या नव्या योजनेत तिचे काम तंटे मिटविण्याचे आहे. किती तंटे मिटले, हे मोजता येते. बडोदे जिल्ह्यात एके काळी जी स्त्री फिर्याद घेऊन, पदर तोंडावर ओढून आली, आणि पुढे काही वर्षांनी त्याच बैठकीत दुसऱ्या स्त्रीसाठी सरकून जागा करू लागली, तिची मोजणी कोणत्याही रकान्यात होत नाही.